सिव्ह ६ खेळतं तं म्युझिक म्यूट नको करू भाऊ

भाऊ तू म्हनला का म्यूट करून मोबाईलवर दुसरे गाने लावून खेळतो, ते पयले बंद कर. सिव्हिलायझेशन ६ (सिव्ह ६) या व्हिडिओ गेममंधी प्रत्येक देशाची आपली धून हाय अन् ते युगासंग बदलते, प्राचीन, मध्ययुग, औद्योगिक, अणुयुग असे चार रूपं, सुरवातीले थोडेच वाद्यं अन् मंग हळूहळू भरत जाते. तू भारत घेऊन सुरू कर, वैष्णव जन तो ची चाल आयकू येईन. आमच्या गावच्या शाळेत २ ऑक्टोबरले तेच म्हनत होतो आमी, पयल्यांदा गेममंधी आयकलं तं अंगावर काटाच आला. ज्या देशांची भेट होते त्याईच्या धुना बी मंग वाजाले लागते.

लोकं म्हनते अणुयुगातलं म्युझिक लय गजबजतं, मले बी प्राचीनवालंच आवडते. सेटिंगमंधी इफेक्ट कमी अन् म्युझिक जास्त ठेवजो, रात्री ओलिताले गेलो का मी हेडफोनवर तेच आयकतो.

अन् याच गेमच्या जुन्या भागाचं, सिव्ह ४ चं, 'बाबा येतू' हे गानं नक्की आयकजो, स्वाहिली भाषेतलं हाय, २०११ मंधी ग्रॅमी भेटलं त्याले, गेमच्या म्युझिकले भेटलेलं पयलंच.