जुन्या स्टँडर्ड हेरल्डचा हँडब्रेक ढिला पडलाय, वायर घरी कसता येईल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी १९६६ ची हेरल्ड आहे, हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला तरी पुलाच्या चढावर ती मागे सरकते, आणि गॅरेजवाला उस्ताद म्हणतो, ‘वायर ढिली झालीये, कसून देतो.’ घरी करता येईल का? येईल. फक्त वायरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. माझ्या अंदाजाने तुमच्या वायरचा यात फारसा दोष नसावा.

आमच्याकडेही हेरल्डच आहे. रामबागेतल्या वाड्यातून निघून आता फ्लॅटच्या पार्किंगमध्ये उभी असते. इंदूरचा बहुतेक भाग सपाट, त्यामुळे हँडब्रेक गेलाय हे इथे महिनोन्महिने कळतच नाही. जानापावच्या डोंगराच्या चढावर गाडी उभी करायची वेळ आली की मग कळतं.

आधी हे नीट समजून घ्या. तुमचा हात दांडा ओढतो, दांडा वायर ओढतो, ती गाडीखाली चासीवर बसवलेला एक मधला लिव्हर फिरवते, त्या लिव्हरवरून एक आडवी वायर दोन्ही मागच्या चाकांकडे जाते आणि तिथला छोटा लिव्हर ब्रेक शूंना, म्हणजे कमानीसारख्या दोन पट्ट्यांना, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर आतून दाबतो. दांड्याची चाल ठरलेली असते. शूवरचे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारं अस्तर, झिजले की शू आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढतं आणि दांड्याची बरीचशी चाल शू ड्रमपर्यंत पोचवण्यातच संपते. दाबायला काही उरत नाही. पायाच्या ब्रेकला पेडल दोनदा मारून ही उणीव थोडी भरून काढता येते, हँडब्रेकला ती सोय नाही. पोलादी वायर काही रबरासारखी ताणत जात नाही.

अशा वेळी नुसती वायर कसली तर काय होतं? दांडा सोडलेला असतानाही शू अर्धवट फाकलेले राहतात. चालत्या गाडीत ते ड्रमला घासतात, ड्रम तापतो, लायनर आणखी झिजतो आणि थोड्याच दिवसांत दांडा पुन्हा वर येतो. बरेच उस्ताद तरीही हेच करतात, कारण काम दहा मिनिटांत होतं आणि गिऱ्हाईक हसत जातं.

आता काम. गाडी सपाट जागी घ्या. मागची चाकं हाताने फिरवायची असल्याने गिअर न्यूट्रल ठेवावा लागतो आणि हँडब्रेक तर सोडलेलाच असतो, म्हणजे गाडीला धरून ठेवणारं काहीच नाही. तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावा, मागून जॅकने उचला आणि चासीखाली लोखंडी घोड्या (ॲक्सल स्टँड) द्या. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. पाने इंची वापरा. या गाडीचे नटबोल्ट इंची आहेत, मिलिमीटरचा पाना जबरदस्तीने बसवला की नटाचे कोपरे जातात.

मागच्या प्रत्येक चाकाच्या बॅकप्लेटवर, म्हणजे ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्यावर, आतल्या बाजूला चौकोनी डोक्याचा एक ॲडजस्टर दिसेल. त्याला पाव इंची चौकोनी पाना लागतो. आधी तारेच्या ब्रशने साफ करून त्यावर गंज सोडवणारं तेल मारा, अर्धा तास जाऊ द्या. मग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत जा. दर पाव फेऱ्याला खटका जाणवतो. चाक जाम होईपर्यंत फिरवायचं, मग एकेक खटका उलटा, चाक मोकळं फिरेपर्यंत. किंचित घासल्याचा आवाज आला तरी चालतो. दोन्ही बाजूंना हे झालं की दांडा ओढून बघा. चौथ्या-पाचव्या खटक्याला चाकं घट्ट धरली गेली तर काम संपलं. हात धुवा, चहा घ्या, वायर जशी आहे तशी राहू द्या.

नाही धरली, तर ड्रम काढावा लागेल. चाक उतरवलं की दोन स्क्रू दिसतात, ते काढा, ॲडजस्टर पुन्हा ढिला करा, ड्रम निघतो. आतली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरांमध्ये ॲस्बेस्टस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या. ड्रम बाहेर असताना ब्रेक पेडलवर कुणी पाय ठेवता कामा नये, चाकाच्या ब्रेक सिलेंडरमधला पिस्टन बाहेर येईल.

या गाडीची खरी खोड इथे आहे, आणि वायर कसणारे ती बघतच नाहीत. मागच्या चाकाच्या सिलेंडरमध्ये पिस्टन एकच असतो. तो एका शूला ढकलतो. दुसऱ्या शूला ढकलण्यासाठी अख्खा सिलेंडरच बॅकप्लेटच्या खाचेत उलट दिशेला सरकतो. हँडब्रेकचा लिव्हरही या सिलेंडरमधूनच आत येतो आणि त्याच सरकण्यावर अवलंबून असतो. साठ वर्षांच्या गंजाने सिलेंडर खाचेत चिकटला की जोर एकाच शूला मिळतो, दुसरा नुसता बसून राहतो. मग वायर कितीही कसा, गाडी सरकणारच. सिलेंडर बोटांनी धरून पुढेमागे हलवून पाहा, किंचित तरी सरकला पाहिजे. थोडाच अडत असेल तर खाचेच्या कडा स्पिरिटने साफ करून जास्त तापमानाचं ब्रेक ग्रीस अगदी पातळ लावा. साधं पिवळं ग्रीस नको, ते तापून लायनरवर उतरतं. रॉकेल आणि पेट्रोल तर इथे अजिबात नको, आतलं ब्रेकचं रबर फुगतं. पूर्ण जाम असेल तर सिलेंडर उतरवावा लागतो, म्हणजे ब्रेकचा पाइप उघडणं आलं आणि नंतर हवा काढणंही आलं. ते काम जाणत्या उस्तादाकडून करून घ्या. बॅकप्लेटच्या मागचं रबरी बूट फाटलेलं असेल तर ते बदलाच, नाहीतर पहिल्या पावसात पुन्हा तेच.

लायनर तेलकट दिसले तर ते पुसून काही होत नाही, बदला. आणि तेल आलं कुठून तेही शोधा. सिलेंडर गळत असतो किंवा कुणीतरी मागच्या हबमध्ये हौसेने इतकं ग्रीस भरलेलं असतं की ते सीलमधून आत येतं.

आता गाडीखालचा मधला लिव्हर. माळव्याची काळी माती तिथे जाऊन बसते आणि वाळली की दगड होते. तो हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि आडवी वायर दोन्ही बाजूंना जोर सारखा वाटते की नाही तेही बघा. तिथे अडलं तर एक चाक धरतं, दुसरं नाही. इथे रॉकेलने खुशाल धुवा, वाळल्यावर ग्रीस द्या. शिवाय प्रत्येक सांध्याची पिन काढून बघा. पिन खाल्लेली, भोक लंबगोल झालेलं, असं तीन-चार ठिकाणी असलं की चाकापाशी मिलिमीटरभर वाटणारी ढिलाई दांड्यापाशी कितीतरी पटींनी दिसते. नव्या पिना अगदी किरकोळ किमतीत मिळतात.

एवढं करूनही दांडा वर येत असेल तरच वायर. दोन्ही ॲडजस्टर पुन्हा चाकं जाम होईपर्यंत फिरवा, दांडा पूर्ण खाली ठेवा. आडव्या वायरच्या दोन्ही टोकांना चिमट्यासारखा फोर्क आहे. त्याची पिन काढा, चेक नट (फोर्कला जागेवर पक्का धरणारा नट) ढिला करा आणि फोर्क दोन्हीकडे सारखेच आटे आत घ्या. वायरचा झोल जावा, पण लिव्हर ओढला जाऊ नये. पिन हाताने सहज सरकली पाहिजे, हातोडी लागली तर जास्त कसलंय. चेक नट घट्ट करा, स्प्लिट पिन नवीन टाका, मग ॲडजस्टर मागे घेऊन चाकं मोकळी करा. लटकत्या चाकांवर वायरचा ताण वेगळा असतो, म्हणून गाडी खाली उतरवल्यावर दांडा पुन्हा एकदा ओढून बघायचाच.

वायरची एक जरी तार तुटलेली दिसली तर हे काहीच करत बसू नका, नवीन टाका. आपली स्टँडर्ड हेरल्ड म्हणजे ट्रायम्फ हेरल्डचीच भारतीय आवृत्ती, आणि ट्रायम्फचे सुटे भाग इंग्लंडमध्ये अजून बनतात, पण तेवढी वाट बघायची नसेल तर जुनी वायर नमुन्याला घेऊन इंदूरच्या छोटी ग्वालटोलीत सुट्या भागांच्या दुकानांत जा. लांबी तंतोतंत जुळवून घ्या आणि टोकं दाबून बसवलेली मागा. स्कूटरच्या क्लच वायरसारखा टोकांना सोल्डरचा डाग देऊन दिली तर घेऊ नका.

शेवटी तुम्ही विचारलंय की गाडी महिना-महिना उभी असते, तर हँडब्रेक ओढून ठेवावा का. पावसाळ्यात तर मुळीच नको. शू ड्रमला गंजून चिकटतात. गाडी गिअरमध्ये टाकून, चाकांना अडण्या लावून दांडा खाली सोडून ठेवा. आधीच चिकटले असतील तर रेस देऊन ओढू नका, लायनर शूवरून सुटून येईल. चाक काढून ड्रमच्या कडेवर लाकडी हातोडीने सगळीकडून ठोकत जा, सुटतो.