वाचकांचे प्रश्न : वायफायची रेंज आणि बाहेरगावाहून घरचा संगणक

प्रश्न : नाशिकला गंगापूर रोडवर आमचा तळमजला आणि वर एक मजला असा जुना बंगला आहे. फायबरचे कनेक्शन तळमजल्यावरील दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे आलेले आहे. वरच्या मागील खोलीत बसून मी करसल्लागाराचे काम करतो. तेथे वायफाय जेमतेम पोहोचते. वर्षातील काही महिने मी पुण्याला मुलाकडे असतो, तेव्हा घरच्या संगणकावरील हिशेबाच्या फायली आणि दारावरच्या कॅमेऱ्याचे चित्र तेथून पाहता यावे, अशीही इच्छा आहे. महात्मा गांधी रस्त्यावरील एका दुकानदाराने आठ अँटेनांचा राउटर सुचवला आहे. तो घ्यावा का?

उत्तर : तूर्त घेऊ नये. आपल्या दोन अडचणी एकाच वस्तूशी निगडित वाटत असल्या तरी त्यांची उत्तरे निरनिराळ्या ठिकाणी आहेत. रेंज मुख्यतः राउटर कोठे ठेवला आहे यावर ठरते. आणि पुण्याहून घरच्या संगणकापर्यंत पोहोचता येईल की नाही, हे इंटरनेट सेवा देणारी कंपनी आपल्याला कोणत्या प्रकारचा इंटरनेट पत्ता (आयपी ॲड्रेस) देते यावर ठरते. यांपैकी कोणतीही गोष्ट अँटेना मोजून कळत नाही.

वायफायच्या प्रसारणशक्तीवर सरकारी नियमांचीच मर्यादा असते, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यात अँटेनाचा परिणाम धरून ती ४ वॅट आहे. त्यातही संवाद दुतर्फी असतो. राउटरने कितीही मोठ्याने सांगितले तरी आपला मोबाइल किंवा लॅपटॉप फार क्षीण शक्तीने उत्तर देतो, आणि ते उत्तर स्लॅब ओलांडून खाली पोहोचले नाही तर पडद्यावर रेंजच्या सर्व रेघा दिसूनही बैठक मध्येच तुटते. बहुतेक मोबाइलमध्ये वायफायसाठी दोनच अँटेना असतात, त्यामुळे राउटरवरील आठांचा पूर्ण लाभ त्यांना मिळत नाही. शिवाय उभ्या अँटेनाच्या लहरी मुख्यतः आडव्या दिशेने पसरतात, अगदी वर आणि अगदी खाली त्या कमीच जातात. म्हणजे आपली खोली नेमकी त्यांच्या कमकुवत बाजूला येते. एखादी अँटेना आडवी करून पाहावी, फुकटचा उपाय आहे.

खोक्यावरील ‘१२००’ किंवा ‘३०००’ या आकड्यांनीही भुलून जाऊ नये. तो दोन पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज असतो आणि एक मोबाइल एका वेळी साधारणपणे एकाच पट्ट्यावर असतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान खरा, परंतु विटांची जाड भिंत आणि लोखंडी सळयांचा स्लॅब त्याला लवकर अडवतात. २.४ गिगाहर्ट्झ दूरवर जातो, मात्र तेथे एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच, म्हणजे १, ६ आणि ११, आणि शेजाऱ्यांचे राउटरही त्यांच्यावरच असतात. टीव्हीच्या मागची जागा या दृष्टीने सर्वांत वाईट, कारण धातूचा तो मोठा पत्रा लहरी अडवतो. तरीही कनेक्शन जोडणारा कारागीर डबा हटकून तेथेच का बसवतो, हे एक कोडेच आहे.

माझा सल्ला असा की, खर्च राउटरवर करण्याऐवजी केबलवर करावा. जिन्याच्या कडेने कॅट-६ जातीची एक लॅन केबल वरच्या मजल्यावर न्यावी आणि तेथे दुसरा, साधा, वायफाय ६ प्रकारचा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे केबलने आलेले इंटरनेट फक्त वायफायने पुढे देण्यासाठी, लावावा. दोन्हीकडे वायफायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवल्यास मोबाइल सहसा स्वतःच जवळचा निवडतो. भिंतीला भोक पाडणे मान्यच नसेल, तर मेश पद्धतीचा, म्हणजे एकमेकांशी बिनतारी जोडलेल्या नगांचा, संच घ्यावा आणि त्याचा दुसरा नग वरच्या खोलीत न ठेवता जिन्याच्या मध्यावर ठेवावा. जेथे मुळात रेंज पोहोचत नाही तेथे ठेवलेला नग पुढे काय देणार? स्वस्त रिपीटर (आलेले वायफाय पकडून पुढे पाठवणारी उपकरणे) मात्र टाळावेत, कारण एकाच पट्ट्यावर ऐकायचे आणि बोलायचे म्हटल्यावर वेग साधारण निम्म्यावर येतो.

आता पुण्याहून प्रवेश. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते पुरेसे उरलेले नसल्यामुळे अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, ज्याला सीजीनॅट म्हणतात. चाळीतील सर्व बिऱ्हाडांना मिळून एकच पत्रपेटी असावी आणि पाकिटावर बिऱ्हाडाचे नाव लिहिण्याची सोय नसावी, तशी ही स्थिती आहे : आतून पत्र जाते, पण बाहेरून आलेले पत्र आपल्या दारापर्यंत येत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘वॅन’ (बाहेरच्या इंटरनेटची जोडणी) या शीर्षकाखालील पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर आपण सीजीनॅटमागे आहात, आणि दुकानातील सर्वांत महागडा राउटरही एकट्याने हे बदलू शकणार नाही. (कंपनीच्या डब्यामागे आपला राउटर लावणार असाल, तर हा पत्ता कंपनीच्या डब्यात पाहावा आणि तो डबा ‘ब्रिज’ पद्धतीने, म्हणजे पत्ता थेट आपल्या राउटरला मिळेल असा, चालवून देण्याची विनंती करावी.)

यावर मार्ग आहेत. कंपनीकडून जादा शुल्क भरून स्थिर सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा आणि राउटरमध्येच व्हीपीएन सर्व्हर (इंटरनेटवरून घरापर्यंत सुरक्षित, खासगी वाट देणारी सोय) चालवावा. त्यासाठी राउटर निवडताना ‘वायरगार्ड’ या व्हीपीएन पद्धतीची सोय आहे का, ते पाहावे. वायरगार्ड २०२० पासून लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यातच समाविष्ट आहे आणि ओपनव्हीपीएन या जुन्या पद्धतीपेक्षा हलके चालते. स्थिर पत्ता मिळत नसेल, तर दूरचे संगणक खासगी जाळ्यात जोडणारी टेलस्केलसारखी सेवा घरचा संगणक आणि पुण्यातील लॅपटॉप या दोहोंवर बसवावी. दोन्ही बाजू आतून बाहेर जाऊन भेटत असल्याने सीजीनॅटची आडकाठी राहत नाही, आणि मग राउटर कोणताही चालतो. आपल्या कामासाठी मला हाच मार्ग अधिक सोयीचा वाटतो.

एक गोष्ट मात्र कोणी सांगितली तरी करू नये : रिमोट डेस्कटॉपसाठी (दूरून संगणक चालवण्यासाठी) ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे संगणकात शिरण्याचे दार, इंटरनेटवर उघडणे. आपल्या संगणकात अशिलांचे पॅन आणि बँकेचे तपशील आहेत, आणि उघडी पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते मुख्यतः कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते म्हणून. तेव्हा कॅमेरा आणि राउटर दोघांचे पासवर्ड बदलावेत, राउटरची ‘रिमोट मॅनेजमेंट’ (बाहेरून सेटिंग बदलण्याची सोय) बंद ठेवावी आणि ज्याला कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणा मिळत राहतात, असाच राउटर घ्यावा.

राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बॅटरीवर चालतील अशी छोटी यूपीएस लावावी, तसेच वीज गेल्यावर संगणक बंद पडला तर ती परतताच तो आपोआप सुरू व्हावा, यासाठी त्याच्या बायोसमधील (संगणकाच्या मूळ सेटिंगमधील) पर्याय निघण्यापूर्वीच चालू करून ठेवावा.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. घरापासून सुमारे दीडशे मीटरवरील शेडमध्ये कॅमेरा लावायचा आहे. मोठ्या रेंजचा राउटर पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही. साधी लॅन केबलही नको, कारण तिची मर्यादा १०० मीटरची आहे आणि दोन इमारतींमध्ये ताणलेल्या तांब्याच्या तारेतून वळवाच्या विजांचा धक्का दोन्हीकडील उपकरणांना बसू शकतो. घराच्या गच्चीवर आणि शेडच्या छपरावर समोरासमोर ५ गिगाहर्ट्झच्या, उघड्यावर वापरायच्या बिनतारी उपकरणांची जोडी लावावी. ओल्या पानांचा मांडव लहरी शोषून घेतो, म्हणून दोन्ही उपकरणे वेलींच्या वर, एकमेकांना स्पष्ट दिसतील इतक्या उंचीवर हवीत. शेडपर्यंत चर खणलेला असेलच, तर ऑप्टिकल फायबर टाकणे यापेक्षाही चांगले.