स्कायडायव्हिंगचं ए लायसन्स (पहिला परवाना) मिळालं, पण ग्रुप जंपमध्ये मी कायम बाकीच्यांच्या वरच राहतो. सगळे म्हणतात, "आर्च वाढव", म्हणजे कंबर पुढे काढून पाठीची कमान कर. विंड टनेलमध्ये (खालून जोराची हवा सोडून जमिनीवरच उडायचा सराव करतात तिथे) किती तास घालवू?

टनेलचं नंतर बघू. आधी सांगा, तुमचं वजन किती? प्रश्नात ते कुठेच नाही, आणि ज्यांनी तुम्हाला "आर्च वाढव" असं सांगितलंय त्यांनीही ते विचारलं नसणार. माझं वजन पन्नास किलोच्या आत आहे आणि हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता नुसतं वाचलं तरी डोकं फिरतं.

आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात राहत होतो तेव्हाची गोष्ट. माझंही लायसन्स नवंकोरं. एका लोड ऑर्गनायझरने (ग्रुप जंप ठरवणाऱ्याने) मला फाइव्ह-वेमध्ये, म्हणजे पाच जणांच्या जंपमध्ये घेतलं. बाकीचे चौघे धिप्पाड, ऐंशी-नव्वद किलोचे. माझ्या अंगात ड्रॉपझोनचा (उड्या मारायच्या केंद्राचा) भाड्याचा सूट, स्टुडंट लोकांना देतात तो ढगळ, बाह्या फडफडणारा. एक्झिट, म्हणजे विमानातून बाहेर पडणं, छान झाली. पण जरा वेळाने बघते तर मला चौघांच्या पाठीवरच्या रिगच (पॅराशूटच्या बॅगाच) दिसतायत. मी कंबर पुढे काढली, हनुवटी वर, गुडघे खाली, पाठीत कळ आली तरी सोडलं नाही. ते आणखी खालीच. पोटावर पडताना वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास असतो. त्यात फक्त 8 किलोमीटरचा फरक पडला तरी दहा सेकंदांत बावीस मीटर अंतर पडतं, म्हणजे सात मजली बिल्डिंग. साडेचार हजार फुटांना ब्रेकऑफ झाला, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी पांगायची वेळ आली, आणि ते चौघे चार दिशांना ट्रॅक करत, आडवे सरकत दूर निघाले. मी त्यांच्या जवळपाससुद्धा पोचले नव्हते.

खाली आल्यावर पॅकिंगच्या जागी, सगळ्यांच्या देखत, ऑर्गनायझर साहेबांचं डीब्रीफ: "बायका घाबरतात आणि ताठ होतात. कंबर सोडायला शीक." मी म्हटलं, सूट ढगळ आहे आणि तुमच्यात नि माझ्यात तीस-चाळीस किलोंचा फरक आहे. तर म्हणे, "सूट उडत नाही, माणूस उडतो." सगळे हसले.

शेजारी एक कोच बाई रिग पॅक करत होत्या, माझ्याच चणीच्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी बॅगेतून त्यांचा जुना घट्ट, गुळगुळीत कापडाचा सूट काढला, शिशाचे छर्रे भरलेलं वेट व्हेस्ट काढलं आणि मला म्हणाल्या, चल, आधी दोघीच जाऊ. त्या जंपला मी पहिल्यांदा समोरच्याच्या डोळ्यांत बघत पडले. मग दुपारी त्याच चौघांबरोबर पुन्हा गेले. लेव्हलवर (त्यांच्याच उंचीवर) होते, डॉक केला, म्हणजे जाऊन त्यांना पकडलं, ग्रिप (पकड) सोडून दुसरा पॉइंटही (पुढची रचनाही) केला. आणि हा मनुष्य खाली येऊन म्हणतो काय, "बघ, सुधारली ना आर्च!"

अहो, आर्च सकाळचीच होती!

पडायचा वेग तुमच्या वजनावर आणि हवेला किती अंग-कापड अडतंय यावर ठरतो. आर्चने तो थोडा मागेपुढे करता येतो, पण सगळी आर्च नुसतं बरोबरीला राहण्यातच खर्ची पडली तर पुढे सरकायला हातात काही उरत नाही. हलक्या माणसाने घट्ट सूट घालावा, जड माणसाने ढगळ, नाहीतर तो खाली जातो. आमच्याकडे नातेवाइकांचा ठरलेला विनोद असतो, स्कायडायव्हर शीतल महाजनने 2018 मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली, तू कधी मारणार? त्यांना म्हणते, एकटीने मारायची असेल तर नेसते, पण ग्रुपमध्ये एवढं कापड घेऊन मी वरच राहीन.

दुसरं, मोठ्या ग्रुपच्या मागे लागू नका. थायलंडमधल्या उदोन थानीच्या 2006 च्या चारशे जणांच्या फॉर्मेशनचा (हवेत एकमेकांना धरून केलेल्या रचनेचा) फोटो बघून प्रत्येकाला वाटतं, जितके जास्त लोक तितकं शिक्षण जास्त. उलट आहे. आठ नवख्यांच्या जंपमध्ये आकाशभर पांगापांग होते, शिकत कोणी नाही, आणि ब्रेकऑफला वर-खाली कोण आहे ते कळत नाही. तुमच्याहून चांगल्या एकाच माणसाबरोबर टू-वे (दोघांची जंप) करा. त्याची जंप तुमच्या खिशातून भरावी लागली तरी भरा. त्यात एकच गोष्ट घोटा: आधी लेव्हल, मग पुढे सरकणं, मग ग्रिप. समोरचा हातभर अंतरावर आला की हात लांब करायचा मोह होतो. हात पुढे गेला की त्यावर हवा बसते आणि तुम्ही मागे सरकता, शिवाय वरही उचलले जाता. हात जागेवर ठेवा, पाय सरळ करा, पायांनी पुढे या. ग्रिप आपोआप हातात येते.

टनेल: जरूर करा, पण कोचबरोबर आणि थोडं थोडं. वळणं आणि फॉल रेट (पडायचा वेग) तिथे झकास बसतात, कारण जरा चुकलं की जाळीवर तरी बसता नाहीतर वर तरी जाता. लांबून फॉर्मेशनकडे येणं, एक्झिट, ट्रॅकिंग हे मात्र टनेलमध्ये येत नाही. किती तास ते तुमचा खिसा ठरवेल.

शिसं मनाने लावू नका. त्याचं वजन कॅनपीवरही (उघडलेल्या पॅराशूटवरही) येतं, लँडिंग वेगात होतं, म्हणून इन्स्ट्रक्टरला विचारून थोड्यापासून सुरुवात करा, आणि जवळ तळं असेल तर झटकन सोडता येईल असाच बेल्ट घ्या.

आणि हो, तुमचं वजन ऐंशीच्या पुढे असेल, सूटही घट्ट असेल आणि तरी वरच राहत असाल, तर मात्र तो ऑर्गनायझर म्हणतो तेच करा. आर्च वाढवा.