समावेशन, सामावणे आणि बसणे

वाळवा तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेचा प्रश्न आलाय. त्यांच्या गावात दिव्यांगांसाठी खास ग्रामसभा घ्यायची आहे. तालुक्यावरून आलेल्या पत्रात विषय दिलाय तो असा : 'दिव्यांग व्यक्तींच्या समावेशनामध्ये स्थानिक समुदायाचा सहभाग'. त्या विचारतात, "फलकावर हेच रंगवू का? समावेशन बरोबर की समावेश? 'सामावून घेणे' लिहिलं तर चालेल का? आणि दिव्यांग लिहायचं की अपंग?"

ताई, समावेशन लिहू नका. व्याकरणाला धरून तो शब्द होतो, हे मान्य. पण 'समावेश' हाताशी असताना त्याला 'न' जोडून काय मिळवलं? पोराचा शाळेत प्रवेश होतो, प्रवेशन होत नाही. मागे सांगलीत एका प्रशिक्षणाला बसलो होतो. दोन तासांत हा शब्द इतक्या वेळा ऐकला की शेवटी वहीत रेघा मारून मोजायला लागलो. मधल्या सुट्टीत सगळे चहाला बाहेर आले तेव्हा मात्र तो एकाच्याही तोंडी नव्हता. चहाच्या गाड्यावर जो शब्द कुणी उच्चारत नाही, तो गावाच्या फलकावर रंगवून कोण येणार आहे सभेला?

'सामील' लगेच बाजूला ठेवू. अरबी 'शामिल'वरून आला, अर्थही हवा तोच, पण मराठीत तो बहुतेक वेळा कटाच्या आणि गुन्ह्याच्या बातमीत भेटतो.

'सामावून घेणे'वर मात्र माझा आक्षेप आहे. मावणे आणि सामावणे यांच्या मुळाशी 'मा' हा धातू, म्हणजे मोजणे. माप, मापटं, प्रमाण ही त्याचीच मंडळी. धान्य मोजायच्या जुन्या मापांत दोन चिपट्यांचं एक मापटं, म्हणून चिपट्यात मापटं मावत नाही. भांडं ठरलेलं असतं, आत जाणाऱ्याने भांड्याच्या मापाचं व्हायचं. 'रोजंदारी कामगारांना सेवेत सामावून घेतले' अशी बातमी येते, तिच्यात एक देणारा आणि एक उपकृत असतोच. भरल्या एसटीत "सरका जरा, सामावून घ्या" म्हणतात ते ठीक, तो पुढच्या स्टँडपुरता प्रश्न. पण गावातच जन्मलेल्या, गावातच मत टाकणाऱ्या माणसाला गावाने सामावून घ्यायचं म्हटलं, की तो मुळात बाहेरचा होता असं आपण कबूल करून बसतो.

आता समावेश. सम् + आ + विश्. 'विश्' म्हणजे आत शिरणे. प्रवेश त्याचाच, आवेशही त्याचाच. इथपर्यंत कुठलाही कोश सांगेल. पण आपलं रोजचं 'बसणे' हेही याच 'विश्'चं लेकरू आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. संस्कृतात 'उपविशति' म्हणजे बसतो. मराठीपर्यंत येताना सुरुवातीचा 'उ' गळाला, 'प'चा 'ब' झाला आणि 'बैसणे' तयार झालं. संतांच्या अभंगांत बैसणेच आहे. खटाव तालुक्यातली माझी आजी शेवटपर्यंत "बैस की वाईच" म्हणायची. गुजराती आजही 'बेसवुं' म्हणतो. 'उपविष्ट'पासून हिंदीत 'बैठना' झालं, आणि त्याची बैठक आपल्याकडे आली. म्हणजे प्रवेश, समावेश, बैठक, बसणे हे सगळे एका आईचे. म्हणून समावेश झाला की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो : माणूस बसला का, आणि कुठे बसला.

मिरजेचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक हे मानत नाहीत. बसणे हे 'वस्' म्हणजे राहणे यापासून आलं, असं ते ठासून सांगतात आणि विद्यार्थ्यांनाही तसंच शिकवत आले. मग 'बैसणे'मधला 'ऐ' कुठून आला, हे त्यांनी एकदा सांगावं. 'वस्'मध्ये इकाराचा मागमूस नाही. 'वस्'पासून आपल्याला वसणे मिळालं, वस्ती मिळाली, आणि ती दोन्ही सुखाने नांदतायत. दोन धातूंची दोन घरं असताना एकाला दुसऱ्याच्या दारात नेऊन उभं करण्याचं कारण नाही. दोन पत्रं लिहिली मी त्यांना. उत्तरात फक्त "पारंपरिक मत" एवढंच आलं. परंपरा कुणाची, हे नाही आलं.

आणि आता माझा तर्क. तर्क म्हणूनच घ्या, पण टाकून देऊ नका. गावाची 'वेस' हीसुद्धा याच कुळातली असावी. संस्कृतात 'वेश' म्हणजे आत शिरणं आणि घर, दोन्ही. गावात जिथून शिरायचं ती वेस, इतकं सरळ. 'वेशीवर', 'वेशीत' यांतल्या 'श'चा आधार मी घेत नाही. म्हैस-म्हशी होतं तसंच ते, ई पुढे आली की स चा श होतो. माझा आधार अर्थाचा आहे. यावर काहीजण म्हणतात, वेस ही 'वेष्ट'पासून, गावाला वेष्टणारी. पण 'वेष्ट'पासून मराठीत काय झालं ते उघड आहे : वेढणे, वेढा. 'ष्ट'चा 'ढ' झाला. ज्या शब्दाने वेढा दिला तोच पुन्हा वेस कशी देईल? शिवाय वेस गावाला वेढत नाही, वेढत असतो तो गावकूस. वेस ही त्या गावकुसातली मोकळी जागा. आणि समावेशाच्या उलट मराठी माणूस काय म्हणतो? 'वेशीबाहेर'. यापेक्षा मोठा पुरावा मला नको.

हे सगळं मला एका दुपारी डोळ्यांपुढे दिसलं, म्हणून इतका आग्रह. कोरेगाव तालुक्यातलं एक गाव. ग्रामसभा देवळाच्या सभामंडपात, पाच दगडी पायऱ्या, मधल्या दोन झिजून गुळगुळीत झालेल्या. पोलिओने पाय गेलेले एक तात्या तीनचाकी सायकलवरून आले आणि खाली लिंबाच्या सावलीला थांबले. शिपाई रजिस्टर घेऊन खाली आला, त्यांची सही घेतली, परत वर गेला. विषय होता दिव्यांगांच्या निधीचा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात, तो. वर ठराव वाचला जात होता आणि खाली तात्या हात कानाशी धरून बसले होते, कारण स्पीकरचं तोंड आळीकडे. उपस्थितांच्या यादीत त्यांचा समावेश मात्र झाला होता, सहीसकट.

मग बचत गटातल्या एक काकू उठल्या. "तात्यांचं पैसं, अन् तात्याच खाली?" एवढंच म्हणाल्या आणि सतरंजीचं टोक धरलं. दुसरं टोक दोन पोरांनी धरलं. दहा मिनिटांत आख्खी सभा लिंबाखाली. सरपंचांनी ठराव पहिल्यापासून वाचला. तात्यांनी एकच सूचना केली : रेशन दुकानापुढच्या गटारावर फरशी टाका, सायकल अडते. ती लिहून घेतली गेली. काकूंनी प्रशिक्षण घेतलं नव्हतं. समावेशाचा धातू त्यांना बरोबर कळला होता.

सहभागाचंही तसंच. 'भाग' आला 'भज्' म्हणजे वाटून देणे यापासून, आणि त्याच 'भज्'चं 'भक्त', म्हणजे वाटणीला आलेलं अन्न. भक्त, प्राकृतात भत्त, मराठीत भात. आपल्या ताटातला भात! पंगतीत पाट मिळाला तो समावेश, पानात भात पडला तो सहभाग. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं तेव्हा सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. समतेवर भाषणं तेव्हाही होत होती. अण्णांनी आधी पानं मांडली. आज लग्नात आंधळ्या मावशींचं ताट आतल्या खोलीत नेऊन देतात. प्रेमाने देतात, गर्दीत त्रास नको म्हणून देतात. भात पोचला, बसणं राहिलं.

पत्रातला 'समुदाय' शब्दही मला खटकतो. जनसमुदाय लोटला, असं आपण गर्दीबद्दल म्हणतो. गावात समुदाय नावाचं कुणी राहत नाही. तिथं भावकी असते, आळी असते, तालीम असते, भजनी मंडळ, बचत गट, यात्रा कमिटी, सोसायटी, दूध डेअरी असते. साताऱ्यात पेठ असते, सांगलीत गावभाग आणि खणभाग. 'समुदायाने पुढे यावे' म्हटलं की कुणीच पुढे येत नाही, कारण कुणालाच हाक ऐकू जात नाही. 'यात्रा कमिटीने देवळाला उतरता रस्ता करावा' म्हणा, कमिटीच्या माणसांना उत्तर द्यावं लागेल. 'तालमीच्या पोरांनी गणपतीच्या आरतीला बहिऱ्या पोराला मानेच्या खुणेने ताल द्यावा', हेही म्हणता येतं आणि होतं.

याच पत्रांमधून 'समुदाय आधारित पुनर्वसन' असंही येतं. जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या शतकात ही कल्पना पुढे आणली : उपचार, शिक्षण, रोजगार दूरच्या संस्थेत नेण्याऐवजी माणसाच्या घरी, गावी, गावकऱ्यांच्या हातून. कल्पना उत्तम. पण सातारा जिल्ह्यात पुनर्वसन म्हटलं की कोयना आठवते. गाव पाण्याखाली गेलं, माणसं उठली आणि परमुलखात पुन्हा वसली, याला इथं पुनर्वसन म्हणतात. पाटणच्या म्हाताऱ्या माणसापुढे हा शब्द काढा, तो आधी विचारेल, "आता कुठं हलवताय?" जो माणूस गावातून हललाच नाही त्याचं पुन्हा वसवणं कसलं? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा याहून साधं बोलतो : कलम ५ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. राहण्याचा. तो आपल्या कुणी देण्याची वाट बघत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न. फलकावर दिव्यांग लिहा; सरकारी मराठीत तोच चालतो, २०२२ पासून राज्यात खातंही त्याच नावाचं आहे, आणि कागद जुळायला तो बरा. बोलताना मात्र दोन्ही टाळा. तात्यांना तात्या म्हणा. 'ते सायकलवाले अपंग' असंही नको आणि 'आमचे दिव्यांग बांधव' असंही नको. नातं असताना प्रवर्ग कशाला पुकारायचा?

फलकासाठी मजकूर देतो, पेंटर अक्षरावर पैसे घेतो तेव्हा थोडक्यात :

'गावातल्या दिव्यांगांची ग्रामसभा. सगळ्या आळींनी यावं. शाळेच्या पटांगणात, सकाळी १० वाजता. पायऱ्या नाहीत.'

अक्षरं ठसठशीत आणि काळ्यावर पिवळी काढायला सांगा, कमी दिसणाऱ्यांना ती उठून दिसतात. ज्यांना फलक दिसणार नाही त्यांच्यासाठी आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या स्पीकरवरून पुकारा, आणि ज्यांना स्पीकर ऐकू येणार नाही त्यांच्या घरी आशाताईंना पाठवा. आणि तुमच्या गावची वेस अजून उभी असेल तर जुनी माणसं तिला काय म्हणतात, वेस की येस, तेवढं कळवा.