"३८ हजारांचा डिप्लोमा घेऊ का, मॅडम?"

बार्शीकडच्या एका विनाअनुदानित शाळेत त्या इंग्रजी शिकवतात. एम.ए., बी.एड., अकरा वर्षांचा अनुभव, हातात पगार १४ हजार. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) खुर्चीवर टेकता टेकताच त्यांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. इंग्रजी अध्यापनाचा १६८ तासांचा 'आंतरराष्ट्रीय' ऑनलाइन डिप्लोमा, ३८ हजार रुपये, हप्त्यांची सोय, आणि आजच प्रवेश घेतला तर सूट.

"पतसंस्थेत विचारलंय, कर्ज मिळतंय. घेऊ का?"

मे-जून आला की माझ्याकडे इंग्रजीच्या शिक्षकांची ही विचारणा सुरू होते. पुढचं शिकायचंय, पैसे बेताचे आहेत, आणि खरं कोणतं, खोटं कोणतं ते कळत नाही. अशा वेळी मी कोर्सवर नंतर येते. त्यांनाही आधी एवढंच विचारलं, "हा कागद दाखवायचा कुणाला?"

त्या गप्प झाल्या. मग हळूहळू निघालं. यंदा शाळेत तेवीस वर्षांची एक मुलगी लागली होती, इंग्रजी माध्यमात शिकलेली. तिचं फाडफाड बोलणं ऐकून संस्थाचालक या बाईंना म्हणाले होते, "बाई, तुम्हीही काहीतरी करा." ते 'काहीतरी' ३८ हजारांना पडणार होतं.

म्हटलं, आधी संस्थेतच विचारा, याने पगार वाढेल का? आठ दिवसांनी उत्तर आलं, नाही. अनुदानित शाळेतही १२ वर्षांनी मिळणाऱ्या वरिष्ठ वेतनश्रेणीला किंवा २४ वर्षांच्या निवड श्रेणीला असला खाजगी डिप्लोमा कामाला येत नाही. तिथे सेवा, शासनमान्य प्रशिक्षण आणि विद्यापीठाची अर्हता बघतात.

मग माझ्यासमोरच त्या डिप्लोमावाल्यांच्या नंबरवर फोन लावायला सांगितला. प्रश्न एकच विचारायचा होता: माझा तास कोण बघणार? पलीकडचा मुलगा म्हणाला, "असाइनमेंट अपलोड करायची, मॅम." झालं! केंब्रिजच्या सेल्टाला, म्हणजे इंग्रजी शिकवायला शिकवणाऱ्या सर्टिफिकेट कोर्सला, जगभर किंमत आहे ती यासाठीच. त्यात किमान १२० तास प्रशिक्षकांसोबत असतात आणि खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तास शिकवावं लागतं, तेही मागे बसलेल्या प्रशिक्षकासमोर. पण त्याचा खर्च लाखाच्या पुढे जातो. परदेशी जायचं असेल, भाषासंस्थेत नोकरी धरायची असेल, तर कर्ज काढण्यात अर्थ आहे. बार्शीतच राहायचं तर मी नको म्हणेन.

फुकट तेवढं चांगलं, असंही मात्र नाही. मागे एका सरांना मी फुकटच्या ऑनलाइन कोर्सांची यादी देऊन मोकळी झाले होते. वर्षभरात त्यांनी सात प्रमाणपत्रं जमवली, आणि वर्गात खडू-फळा होता तिथेच राहिला. चूक माझी होती.

म्हणून या बाईंना एकच वाट सुचवली: इग्नूचा इंग्रजी अध्यापनाचा सहा महिन्यांचा दूरस्थ सर्टिफिकेट कोर्स. केंद्रीय विद्यापीठाचा शिक्का, शुल्क काही हजारांत. पुढे झेपलं तर हैदराबादच्या इफ्लूचा (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ) इंग्रजी अध्यापनातला पदव्युत्तर अभ्यासक्रम. शिक्षकांना इंग्रजी शिकवायला शिकवणं यासाठीच ती संस्था १९५८ साली निघाली. 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सांच्या पोर्टलवर एखादा विषय चाळून बघायला पैसे लागत नाहीत, परीक्षेला बसायचं असेल तरच शुल्क भरायचं.

आणि एक बिनपैशाचं काम दिलं: स्वतःचा एक तास मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि घरी घड्याळ लावून ऐकायचा.

पुढच्या भेटीत त्या जरा ओशाळूनच आल्या. "मॅडम, ३५ मिनिटांच्या तासात ३१ मिनिटं मीच बोलतेय. तेही निम्मं मराठीत." मराठीचं मला वाईट वाटलं नाही, त्या ३१ मिनिटांचं वाटलं. मग त्यांनी त्या नव्या मुलीलाच आपल्या तासाला मागे बसवलं, आणि स्वतः तिच्या तासाला बसल्या. तिचं इंग्रजी झकास होतं, वर्ग मात्र हातात राहत नव्हता. दोघींचं जमलं.

इग्नूचा कोर्स दिवाळीनंतर पूर्ण झाला. आता डोक्यात डेल्टा आहे. सेल्टाच्या वरची ही पायरी तीन भागांत सुटी सुटी करता येते. पहिला भाग म्हणजे दीड-दीड तासाच्या दोन लेखी पेपरांची परीक्षा, त्यासाठी कोर्स लावायची सक्ती नाही. म्हटलं, घाई नको, आधी जुने पेपर सोडवा. परवा मेसेज आला: "पुण्यात अप्पा बळवंत चौकात व्याकरणाचं जाडजूड पुस्तक जुन्यात मिळालं, २२० रुपयांना. पहिल्या मालकाने तिसऱ्याच धड्यावर सोडून दिलंय."