गळती दिसण्याआधी : नळ, पाईप आणि टाक्यांविषयी वाचकांचे प्रश्न

भिंतीवर ओल उमटली की या सदराकडे पत्र येते. पण ओल डोळ्यांना दिसते तेव्हा गळती सुरू होऊन बहुधा काही महिने लोटलेले असतात. उन्हाळ्यात गच्चीवरचे पाईप ताणले जातात, पावसाळ्यात बाहेरचे पाणी आतली गळती झाकून टाकते आणि थंडीत गिझरवरचा भार वाढतो. त्यामुळे प्रत्येक ऋतूत लक्ष ठेवण्याच्या जागा वेगळ्या असतात. या वेळी निवडलेली पत्रे त्याच जागांविषयीची आहेत.

प्रश्न : आमची सदनिका चौदा मजली इमारतीत सातव्या मजल्यावर आहे. न्हाणीघराला लागून असलेल्या झोपण्याच्या खोलीत भिंतीचा रंग दर वर्षी फुगतो. दोनदा जलरोधक रंग लावला, तरी ओल परत आली. प्लंबरच्या मते न्हाणीघराच्या सगळ्या टाइल्स फोडाव्या लागतील. फोडण्याआधी गळतीची नेमकी जागा कळू शकते का? आणि हा खर्च सोसायटीने करायचा की आम्ही? — एक वाचक, ठाणे

उत्तर : जागा कळू शकते, आणि ती कळेपर्यंत कृपया छिन्नी-हातोडा लावू देऊ नये. खोलीच्या बाजूने लावलेला जलरोधक रंग ओल थांबवत नाही, कारण पाणी त्याच्या मागच्या बाजूला असते. ते गिलाव्यातले क्षार विरघळवून पुढे आणते, भिंतीला लोणा लागतो आणि रंगाचा पापुद्रा सुटतो. आधी ठरवायचे ते एवढेच, की हे पाणी नळाचे आहे, सांडपाणी आहे की पावसाचे.

या तिन्ही पाण्यांची वागणूक वेगळी असते. नळाच्या पाईपमध्ये चोवीस तास दाब असतो, म्हणून तिथली गळती थांबत नाही. घर आठवडाभर बंद ठेवून परत आलात तरी ओल तशीच असते किंवा वाढलेली असते. सांडपाण्याची ओल आंघोळी, धुणी झाल्यावर गडद होते आणि घरात कोणी नसले की फिकट पडते. पावसाची ओल बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यात किंवा सज्जाखाली आधी दिसते आणि दिवाळीनंतर हळूहळू वाळते. आपली ओल मार्च-एप्रिलमध्येही टिकून राहत असेल, तर पावसाला दोष देण्यात अर्थ नाही.

मग दोन चाचण्या कराव्यात. पहिली सांडपाण्याच्या बाजूची, आणि ती घरच्या घरी होते. न्हाणीच्या तोंडावरची जाळी काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या कापडाचा घट्ट बोळा न्हाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाणी साठून राहणाऱ्या भांड्यात, बसवावा, जमिनीवर दोन बोटे पाणी साठेल एवढे भरावे आणि टाइलवर पेन्सिलीने पातळीची खूण करून ते चोवीस तास तसेच ठेवावे. उंबरठा त्या पातळीपेक्षा उंच आहे ना, हे आधी पाहावे, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना त्यांच्या छतावर लक्ष ठेवण्याची विनंती करावी. बाष्पीभवनाने पातळी किंचित उतरेल. पण खूण स्पष्टपणे उघडी पडली, तर पाणी जमिनीतून किंवा ट्रॅप जमिनीला मिळतो त्या कडेतून जात आहे. ही कड हे न्हाणीघरातले सर्वांत दुर्लक्षित ठिकाण आहे. ट्रॅप प्लॅस्टिकचा आणि भोवतालचा माल सिमेंटचा असल्याने दोन्हींचा सांधा कालांतराने सुटतो आणि प्रत्येक आंघोळीचे थोडे पाणी त्या फटीतून खाली उतरत राहते. पातळी टिकली, पण शॉवरखाली भिंतीवर पाणी मारल्यावर ओल वाढली, तर दोष भिंतीच्या टाइल्सच्या सांध्यांत आहे. या दोन्ही प्रसंगी सांधे खरवडून साफ करून, पूर्ण वाळवून, त्यांत इपॉक्सी ग्राउट (सांधे भरण्याचा जलरोधक माल) भरणे आणि ट्रॅपभोवतीचा भाग तेवढाच उघडून पुन्हा बसवणे बहुतेक वेळा पुरते. सगळे न्हाणीघर उखडण्याची गरज क्वचितच असते.

दुसरी चाचणी नळाच्या लाइनची आहे. प्लंबरकडे दाबमापक लावलेला हातपंप असतो. सदनिकेचा मुख्य व्हॉल्व्ह आणि सर्व नळ बंद करून हा पंप एका जोडणीला लावावा, दाब वाढवावा आणि तासभर काटा पाहावा. काटा उतरला तर लाइन गळते. गरम आणि थंड पाण्याच्या लाइन वेगवेगळ्या तपासून घ्याव्यात, म्हणजे शोध अर्ध्यावर येतो. भिंतीत गाडलेले पाईप जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) असतील, तर एक सांधा दुरुस्त केल्यावर काही महिन्यांतच दुसरा फुटण्याचा संभव असतो. अशा वेळी ती लाइन बदललेलीच बरी.

आपल्या मजल्याचा विचारही करायला हवा. पाण्याच्या दर १० मीटर उंचीला दाब सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरने वाढतो. टाकी चौदाव्या मजल्याच्या वर असेल, तर आपल्याकडे तो २ किलोच्या वर आणि तळमजल्यावर ४ किलोच्या वर जातो. खालच्या मजल्यांवर कनेक्शन पाईप आणि फ्लशच्या टाक्या सारख्या बिघडत असतील, तर सोसायटीने त्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवण्याचा विचार अवश्य करावा.

खर्चाचे उत्तर जागेवरच अवलंबून आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक जलवाहिन्या व सांडपाण्याच्या वाहिन्यांची गळती दुरुस्त करणे हे संस्थेचे काम आहे. सदनिकेच्या आतल्या न्हाणीघराची दुरुस्ती सभासदाने स्वतःच्या खर्चाने करायची असते. म्हणूनच चाचणी संस्थेच्या प्रतिनिधीसमोर करून त्याची लेखी नोंद ठेवावी. गळती थांबल्यानंतर भिंत काही आठवडे उघडी वाळू द्यावी आणि मगच नवा रंग द्यावा.

प्रश्न : गच्चीवरून खाली येणारे पांढरे प्लॅस्टिकचे पाईप दर मे महिन्यात सांध्यांपाशी सुटतात. दर वर्षी नवा सोल्यूशन (पाईप चिकटवण्याचा द्राव) लावतो. यावर कायमचा उपाय आहे का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : दोष सोल्यूशनचा कमी आणि पाईप आवळण्याच्या पद्धतीचा जास्त आहे. प्लॅस्टिकचा १० मीटर लांबीचा पाईप तापमानात २५ अंशांचा फरक पडला की साधारण दीड ते पावणेदोन सेंटिमीटर लांबतो, आणि नागपूरच्या उन्हात पाईपच्या पृष्ठभागाचे तापमान पहाट आणि दुपार यांत याहून अधिक बदलते. दोन्ही टोकांना घट्ट क्लँप ठोकलेला सरळ पाईप ही वाढ कुठे नेणार? तो मधोमध कमानीसारखा वाकतो, रात्री पुन्हा आखडतो, आणि रोजची ही ओढाताण शेवटी सर्वांत कमकुवत सांध्यावर येते.

म्हणून क्लँप पाईपला धरून ठेवतील पण सरकू देतील इतकेच आवळावेत, लांब सरळ पट्ट्यात एक वळण किंवा चौकोनी लूप द्यावा, आणि टाकीच्या तोंडाशी पाईपचे वजन टाकीवर लोंबकळू न देता त्याला खालून आधार द्यावा. ऊन थेट पडत असेल, तर पाईपला पाण्यात मिसळणारा पांढरा रंग द्यावा किंवा वेष्टन घालावे, कारण अतिनील किरणांनी प्लॅस्टिक ठिसूळ होते. सांधा करायचा तो सकाळी. दुपारच्या तापलेल्या पाईपवर सोल्यूशन पूर्ण पसरण्याआधीच सुकते. पाईप पुसून कोरडा करावा, दोन्ही भागांना सोल्यूशन लावावे, आत सारताना पाव वळण द्यावे, क्षणभर घट्ट दाबून धरावे आणि डब्यावर दिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत पाणी सोडू नये. पाणी लवकर सोडण्याची घाई हेच दर वर्षीच्या दुरुस्तीचे मोठे कारण आहे, असे मला वाटते. ही सगळी पाहणी गुढीपाडव्याच्या सुमारास उरकावी. मे महिन्यात टाकी रिकामी ठेवून काम करणे कोणालाच परवडत नाही.

प्रश्न : थंडी सुरू झाल्यापासून आमच्या १५ लिटरच्या गिझरखालच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते. तिथे प्लग बसवला तर चालेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : कदापि बसवू नका. तो सुरक्षा व्हॉल्व्ह आहे, आणि तो बंद केला तर वाढलेला दाब गिझरची टाकी फोडून बाहेर पडू शकतो. पाणी १५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवले की त्याचे आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढते, म्हणजे आपल्या गिझरमध्ये साधारण पाव लिटर पाणी जास्तीचे होते. आत येणाऱ्या वाटेवर पाणी मागे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह असल्याने हे जास्तीचे पाणी सुरक्षा व्हॉल्व्हमधूनच बाहेर येते. गिझर चालू असताना पडणारे थेंब म्हणूनच स्वाभाविक आहेत. त्या तोंडाला छोटी नळी लावून ती न्हाणीपाशी सोडावी, पण तिचे टोक कधीही बंद करू नये.

गिझर बंद करून पाणी निवल्यावरही थेंब थांबत नसतील, तर मात्र व्हॉल्व्हच्या आत क्षार अडकला आहे किंवा लाइनचा दाबच जास्त आहे. बोअरच्या जड पाण्यात हे लवकर होते. दसऱ्यानंतर, गिझरचा रोजचा वापर सुरू होण्याआधी, कंपनीच्या माणसाकडून टाकीतला गाळ काढून घ्यावा, व्हॉल्व्ह तपासून घ्यावा आणि आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असल्यास बदलून घ्यावी, कारण ती स्वतः झिजून टाकीचा पत्रा वाचवत असते. गरम पाण्याच्या बाजूला साधा यूपीव्हीसी (थंड पाण्याचा प्लॅस्टिकचा) पाईप जोडलेला आढळला, तर तो आजच बदलावा. तिथे गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी किंवा त्याहून चांगलाच पाईप हवा.

प्रश्न : स्वयंपाकघरातला नळ कितीही घट्ट फिरवला तरी ठिबकतो. एवढ्याशा थेंबांसाठी प्लंबर यायला तयार नाही. मी स्वतः काय करू शकते? घरातल्या इतर कोणत्या गोष्टींकडे लक्ष ठेवावे? — एक वाचिका, पुणे

उत्तर : घट्ट फिरवणे आधी थांबवावे. जुन्या पद्धतीच्या नळात झिजलेला वायसर त्या जोराने अधिक चिरडतो आणि पुढे वायसर टेकतो ती पितळी बैठकच खराब होते. ओट्याखालचा अँगल कॉक (नळाकडे येणारे पाणी बंद करणारी छोटी तोटी) बंद करून नळाचा वरचा भाग पान्याने सोडवला की वायसर हाती लागतो. जुना वायसर दुकानात दाखवून त्याच मापाचा नवा आणावा. पाव वळणाच्या नळात वायसर नसतो, तिथे आतला स्पिंडल (मुठीबरोबर फिरणारा भाग) पूर्ण बदलावा लागतो. थेंबांकडे दुर्लक्ष होऊ नये म्हणून एकदा खाली पेला ठेवून पाहावे : २०० मिलिलिटरचा पेला तासाभरात भरत असेल, तर दिवसाला ४.८ लिटर आणि वर्षाला साडेसतराशे लिटरहून अधिक पाणी वाया जाते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या पावणेदोन टाक्या झाल्या.

फ्लशच्या टाकीची गळती तर ऐकूही येत नाही. रात्री झोपण्यापूर्वी टाकीत खाण्याचा गडद रंग थोडा मिसळावा आणि पंधरा-वीस मिनिटे फ्लश न करता भांड्यात पाहावे. रंग उतरला असेल, तर टाकीच्या तळाचे रबर बदलावे.

आपण विचारलेल्या इतर गोष्टींत मी दोनच ठळकपणे सांगेन. बेसिन, कमोड आणि गिझरला जोडलेले वेणीदार कनेक्शन पाईप बाहेरून चकचकीत दिसले, तरी आतली रबरी नळी झिजत असते. जाळीवर गंजाचे ठिपके दिसले किंवा पाच वर्षे झाली की ते बदलून टाकावेत. घर पाण्याने भरण्याचे प्रसंग बहुधा याच पाईपमुळे येतात. आणि प्रत्येक अँगल कॉक व मुख्य व्हॉल्व्ह दोन-तीन महिन्यांनी एकदा पूर्ण बंद करून उघडावा. वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक क्षारांनी जाम होतो आणि नेमका गरजेच्या वेळी फिरत नाही किंवा हातात तुटून येतो. घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे ठाऊक असायलाच हवे.

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातील आमचे गावचे घर गणपती झाले की शिमग्यापर्यंत बंद असते. मागच्या खेपेस गेलो तेव्हा टाकी रिकामी आणि माजघराची जमीन ओली होती. घर बंद करताना काय करावे? — एक वाचक, मुंबई

उत्तर : निघण्याच्या दिवशी पंपाचा वीजपुरवठा तोडावा, टाकीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि सर्वांत खालचा नळ उघडून लाइन पूर्ण रिकामी करावी. रिकाम्या लाइनमधून गळती होत नाही, एवढी साधी ही गोष्ट आहे. गिझरचे बटण बंद आहे ना, तेही पाहावे. टाकीचे झाकण तारेने बांधावे. कोकणात वानरे छपरावरचे पाईप हलवतात, उड्या मारताना मोडतात, म्हणून कौलांवरून मोकळा गेलेला पाईप शक्य तिथे भिंतीला धरून खाली घ्यावा. उंदीर मऊ प्लॅस्टिकच्या नळ्या कुरतडतात, तेव्हा धुण्याच्या यंत्राची नळी काढून आत ठेवावी. न्हाणीच्या ट्रॅपमधले पाणी काही आठवड्यांत आटते आणि मोरीतून दुर्गंधी व झुरळे घरात येतात. त्यात निघताना पाणी भरून वर चमचाभर गोडे तेल ओतले, तर ते बरेच सावकाश आटते.

परत गेल्यावर टाकीचा व्हॉल्व्ह एकदम उघडू नये. घरातले नळ आधी उघडे ठेवून व्हॉल्व्ह थोडा-थोडा उघडावा, म्हणजे अडकलेली हवा सूं-सूं आवाज करत निघून जाते आणि पाण्याचा धक्का सांध्यांना बसत नाही. त्यानंतर नळ बंद करून प्रत्येक सांध्याखाली जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा ठेवावा आणि तासाभराने तो कोरडा आहे का, हे पाहावे.