सारस जास्त धोक्यात की सिंहपुच्छ माकड?

प्रश्न: ताई, आमच्या धानाच्या बांधीत दोन वर्षांपासून सारसाची जोडी येते. पोरगा स्पर्धा परीक्षेची तयारी करून राहिला, तो म्हणे यादीत सारसापेक्षा सिंहपुच्छ माकड जास्त धोक्यात आहे. आमच्याकडे माकडांनी तूर ठेवली नाही की भाजीपाला, मग माकड कसं काय संपून राहिलं? (एक शेतकरी, गोंदिया जिल्हा)

उत्तर: भाऊ, पोरगा बरोबर सांगतो. कोणता जीव किती धोक्यात ते ठरवणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत सारस 'असुरक्षित' आहे आणि सिंहपुच्छ त्याहून एक पायरी पुढे, 'संकटग्रस्त'. पण तुमची तूर खातं ते लाल तोंडाचं माकड नाहीतर काळ्या तोंडाचं वानर, ते काहीही खाऊन गावातही जगतं. सिंहपुच्छाचं तसं नाही, ते फक्त केरळ, तमिळनाडू, कर्नाटकातल्या पश्चिम घाटात, सदाहरित जंगलात, आणि शेंड्यावरून शेंड्यावर फिरणारं, मग मधे चहाचे मळे आले, रस्ता आला की कळप तुकड्यात अडकतो. तमिळनाडूत वालपराईला रस्त्यावरून झाडाझाडांना आग विझवायच्या जुन्या पाइपांचे झुलते पूल बांधलेत, त्यावरून ही माकडं जातात. जंगलात ती उरली 4,000 च्या आसपास, आणि मादीला एका वेळी एकच पिल्लू.

सारस देशात हजारोंनी आहेत, सगळ्यात जास्त उत्तर प्रदेशात, म्हणून यादीत खालची पायरी. पण महाराष्ट्रात आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडेच काय ते मोजके उरले, इथले गेले तर उत्तर प्रदेशातल्या हजारांचा आपल्याला काय उपयोग? म्हणून मला तुमच्या बांधीतल्या जोडीचीच जास्त काळजी वाटते. त्या माकडाला अख्खं सलग जंगल लागतं, ते एकट्या माणसाच्या हातात नाही, पण सारस तलावात देवधान, म्हणजे आपोआप उगवणारं रानटी धान, खाऊन तुमच्याच धानात तणसाचा ढीग रचून घरटं करतो, म्हणजे तो शेतकऱ्याच्या भरवशावर आहे. अंडी बहुतेक दोन, महिनाभर नर-मादी आळीपाळीने बसतात. तेवढे दिवस घरट्याभोवतीचं धान तसंच राहू द्या, फवारा मारू नका, कुत्री आवरा, मोबाईल घेऊन पोरं जवळ जाऊ देऊ नका. बांधीवरून विजेची तार लोंबत असेल तर वीजवाल्यांना आणि वनविभागाला आजच लेखी कळवा, उडताना तारेला धडकून सारस मरतात.

सकाळी दोघं माना वर करून एकसाथ ओरडतात का, नर एकदा आणि मादी त्यावर दोन-तीनदा? तसं असेल तर जोडी पक्की आहे. यंदा घरटं झालं की नक्की कळवा.